मुरगळलं की मोडलं? वाढत्या मनगटाची गोष्ट

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा माझा भाचा मधल्या सुट्टीत लंगडी खेळताना ओल्या फरशीवरून घसरला. वय नऊ वर्षे, इयत्ता चौथी. पडताना आपण सगळेच जे करतो तेच त्यानेही केले. हात पुढे टाकला आणि अंगाचा सगळा भार उजव्या तळहातावर घेतला. मनगट सुजले. शाळेत बाम लावून झाला, घरी आजीने आंबेहळदीचा लेप लावला. शेजारच्या काकांनी तर "नुसतं मुरगळलंय, एक झटका दिला की जागेवर बसेल" म्हणून मनगट हातात घेतलेही होते. पोराने भोकाड पसरले म्हणून ते थांबले.

दुसऱ्या दिवशी ताईचा मला फोन आला. तिला तीन प्रश्न पडले होते. पहिला: "एक्स-रेत काहीच दिसत नाही असं डॉक्टर स्वतःच म्हणाले, तरी प्लास्टर घातलं. ते कशाला?" दुसरा: "तिथेच एक सात वर्षांची मुलगी होती. तिचं हाड एक्स-रेत मलासुद्धा तिरकं दिसत होतं, पण डॉक्टर तिच्या आईला म्हणाले, एवढं चालेल, आपोआप सरळ होईल. हे कसं काय?" आणि तिसरा: "तीन-चार आठवड्यांत हात बरा होणार, तरी सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रेला या म्हणतात. बरं झालेल्या हाताचा एक्स-रे कशासाठी?"

मी डॉक्टर नाही. प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशी कशा वाढतात हे पाहणे हे माझे काम. त्यामुळे कोणत्या मुलावर कोणता उपचार करावा हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण ताईच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या पेशींपाशीच येऊन थांबतात. शाळेच्या मैदानावर अशी मनगटे दर वर्षी दुखावतात आणि ती सर्वांत आधी पाहतात ते शिक्षकच. म्हणून ताईला दिलेली उत्तरे इथे जरा विस्ताराने मांडतो.

हाड कुठून वाढते?

वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. बहुतेक मुले सांगतील, की फुगा फुगतो तसे हाड सगळीकडून वाढते. हे खरे की खोटे, हे स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी शोधले. हेल्सचा मूळ अभ्यास वनस्पतींचा. वाढत्या कोंबावर सारख्या अंतरावर ठिपके देऊन तो कुठे किती लांबतो हे त्याने मोजले होते. तीच युक्ती त्याने कोंबडीच्या अर्धवट वाढलेल्या पिलावर केली. पिलाच्या पायाचे हाड दोन इंच लांब होते. त्यावर अर्ध्या इंचाच्या अंतराने त्याने दोन बारीक छिद्रे पाडली. दोन महिन्यांनी पाहिले तर हाड एक इंचाने वाढले होते, पण दोन खुणांमधले अंतर होते तेवढेच, म्हणजे अर्धा इंच! हाडाचा मधला भाग लांबलाच नव्हता. सगळी वाढ टोकांकडे झाली होती. १७२७ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हेजिटेबल स्टॅटिक्स' या पुस्तकात त्याने हे लिहून ठेवले आहे.

पिलाला इजा न करता हा प्रयोग वर्गात करता येतो. वाल किंवा हरभरा भिजवून मोड आणा. मूळ दोनेक सेंटिमीटर झाले की त्यावर बारीक काडीने शाईच्या रेघा दोन-दोन मिलिमीटरवर द्या आणि दाणा ओल्या कापडात ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाजवळच्या रेघा दूर गेलेल्या दिसतील, वरच्या मात्र होत्या तिथेच असतील. मूळ आणि हाड या अगदी निराळ्या गोष्टी आहेत. पण लांब वाढायचे तर वाढीची जागा टोकाजवळ ठेवायची, ही सोय दोघांनीही केलेली आहे.

घरात मांसाहार चालत असेल तर आणखी एक गोष्ट पाहता येईल. कोवळ्या बोकडाचे मटण चांगले शिजले की नळीच्या टोकाची गाठ अलगद सुटून हातात येते. मोठ्या जनावराची ती सुटत नाही. ती गाठ आणि नळी यांच्यामध्ये कूर्चेचा एक पातळ थर होता आणि शिजताना तो विरघळला. हा थर म्हणजेच वाढीची जागा. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट किंवा फायसिस म्हणतात. आपण या लेखापुरते त्याला 'वाढचकती' म्हणू. तिच्या वरच्या गाठीला 'टोपी' आणि खालच्या लांब नळीला 'दांडा' म्हणू.

मनगटाशी दोन हाडे येतात. अंगठ्याच्या बाजूला रेडियस आणि करंगळीच्या बाजूला अल्ना. प्रत्येकाच्या टोकाशी अशी एकेक चकती असते. रेडियसची लांबी जेवढी वाढते, तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा मनगटाजवळच्या या एका चकतीचा असतो. उरलेला एक चतुर्थांश कोपराकडच्या चकतीचा. मुलींमध्ये साधारण १५ ते १७ आणि मुलांमध्ये १७ ते १९ या वयात मनगटाच्या चकत्यांचे हाड होते, टोपी आणि दांडा एकजीव होतात आणि तिथली वाढ संपते.

चकतीच्या आतला कारखाना

वाढचकतीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पेशींच्या रांगा दिसतात. टोपीला लागून असतात त्या बीजपेशी. या संख्येने थोड्या आणि संथ असतात, पण पुढची सगळी वाढ यांच्यातूनच निघते. त्यांना रक्त मिळते ते टोपीच्या बाजूने. त्यांच्याखाली भराभर विभागणाऱ्या चपट्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकीवर एक रचलेल्या असतात. त्याच्याखाली याच पेशी फुगतात, मूळ आकाराच्या कित्येक पट होतात. हाडाची लांबी वाढण्यात या फुगण्याचा वाटा फार मोठा आहे. शेवटी, दांड्याला लागून, फुगलेल्या पेशींभोवती कॅल्शियमचे क्षार बसतात, दांड्याच्या बाजूने रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कूर्चेच्या जागी हाड तयार होते. वर नव्या पेशी येत राहतात आणि खाली हाड बनत राहते. या चालीने चकती स्वतः तेवढीच जाड राहून दांडा लांबवत नेते.

या चार थरांपैकी सर्वांत कमकुवत थर कोणता? फुगलेल्या पेशींचा. तिथे पेशी मोठ्या झालेल्या असतात, त्यांना धरून ठेवणारे द्रव्य कमी असते आणि क्षारांचा आधार अजून मिळालेला नसतो. हात टेकून पडल्यावर चकती फाटते ती बहुधा याच थरातून. आता नीट पाहा. फाट इथून गेली तर बीजपेशी कुठे राहतात? टोपीबरोबर, आपल्या रक्तपुरवठ्यासह सुरक्षित. टोपी सरकली, तरी वाढीचे बियाणे शाबूत असते. मुलांची चकती मोडूनही बहुतेकांची वाढ नीट चालू राहते, त्याचे मुख्य कारण हेच.

याच्याच जोडीला दुसरी एक गोष्ट शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या माणसाचा सांधा पिळवटला की हाडांना बांधणारे अस्थिबंध ताणतात किंवा फाटतात. याला आपण मुरगळणे म्हणतो. मुलांमध्ये अस्थिबंध हे वाढचकतीपेक्षा मजबूत असतात. दोरी खुंटीपेक्षा बळकट असेल तर ओढल्यावर खुंटीच उपटून येणार. त्यामुळे ज्या पडण्याने तुमचे-माझे मनगट मुरगळेल, त्याच पडण्याने मुलाची चकती फाटू शकते. मुलांच्या मोडलेल्या हाडांपैकी शंभरात पंधरा ते तीस वेळा वाढचकतीलाच इजा झालेली असते. अगदी लहान वयात हाड नुसते चेपते किंवा ओल्या फांदीसारखे एका बाजूने मोडते. चकतीच्या इजा जास्त दिसतात त्या दहा वर्षांच्या पुढे, अंगाची वाढ झपाट्याने होते त्या वयात. पण माझ्या भाच्यासारखी त्याहून लहान मुलेही त्यांत असतात.

सॉल्टर आणि हॅरिस यांची पाच चित्रे

कॅनडातल्या टोरांटो शहरातले दोन शल्यविशारद, रॉबर्ट सॉल्टर आणि रॉबर्ट हॅरिस, यांनी १९६३ साली या इजांचे पाच प्रकार पाडले. ही वर्गवारी आजही जगभर वापरली जाते. फळ्यावर टोपी, चकती आणि दांडा अशी एक आकृती काढून त्यातून रेघा ओढल्या की पाचही प्रकार समजतात.

पहिल्या प्रकारात फाट फक्त चकतीतून जाते. दुसऱ्यात ती चकतीतून जाता जाता दांड्याचा एक कोपरा तोडून बाहेर पडते. हाच सर्वांत जास्त आढळतो. तिसऱ्यात फाट चकतीतून वळून टोपीत शिरते आणि सांध्यात उतरते. चौथ्यात ती टोपी, चकती आणि दांडा या तिघांना उभी चिरत जाते. पाचव्यात फाट दिसत नाही; चकती चिरडलेली असते.

ही क्रमवारी नुसती पाठांतरासाठी नाही. सर्वसाधारणपणे पहिल्यापासून पाचव्याकडे जावे तशी बीजपेशींना धक्का लागण्याची शक्यता वाढत जाते. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारांत फाट बीजपेशींच्या थराला आरपार कापते. पाचव्यात तर त्या पेशीच चिरडतात. सुदैवाने मनगटात बहुतेक वेळा पहिला किंवा दुसरा प्रकार असतो.

आता ताईचा पहिला प्रश्न. क्ष-किरणांना अडवतात ते हाडातले कॅल्शियमचे क्षार. कूर्चेत ते नसल्यामुळे चकती एक्स-रेत दिसतच नाही. टोपी आणि दांडा यांच्यामध्ये एक काळी पट्टी तेवढी दिसते. अनेक पालक या पट्टीलाच मोडलेली जागा समजून घाबरतात. उलट, चकती खरोखर फाटली असेल पण टोपी जागची हललेली नसेल, तर एक्स-रे अगदी निर्दोष दिसतो. अशा वेळी डॉक्टर बोटाने निदान करतात. सूज आणि दाबल्यावर दुखणारी जागा नेमकी चकतीवर असेल, तर चकती फाटली आहे असे समजून हात जखडून ठेवायचा. भाच्याच्या बाबतीत तीन आठवड्यांनी काढलेल्या एक्स-रेत चकतीच्या कडेला नव्या हाडाची पुसट सावली दिसली. म्हणजे फाट होती, आणि ती भरून येत होती.

इथे एक भर घालायला हवी. घोट्याला मार लागून एक्स-रे निर्दोष आलेल्या मुलांची अलीकडे एमआरआयने तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या बहुतेकांची चकती फाटलेली नव्हती, अस्थिबंध दुखावले होते किंवा हाडाला मुका मार बसला होता. त्यामुळे जिथे संशय आहे पण हाड सरकलेले नाही, तिथे आता पक्क्या प्लास्टरऐवजी काढता-घालता येणारा आधारही पुष्कळदा पुरतो. शंका असेल तेव्हा सांभाळून घ्यायचे, हे तत्त्व मात्र तेच राहिले आहे.

उपचार: एकदाच आणि हलक्या हाताने

टोपी सरकलेली असेल तर तिला जागेवर आणावे लागते. मुलाला भूल देऊन किंवा गुंगीत ठेवून डॉक्टर आधी हात हळू ताणतात, म्हणजे फाटीच्या दोन्ही कडा एकमेकींपासून मोकळ्या होतात, आणि मग टोपी अलगद ढकलून बसवतात. भूल दुखू नये म्हणून तर असतेच, पण तिचा आणखी एक उपयोग आहे. दुखणाऱ्या हाताचे स्नायू आक्रसलेले असतात. ते सैल पडले नाहीत तर जोर लावावा लागतो आणि चकतीच्या कडा एकमेकींवर घासतात. शेजारच्या काकांचा झटका धोक्याचा असतो तो याच कारणाने. हाड जागेवर बसलेच, तरी ज्या पेशींतून पुढची सगळी वाढ व्हायची त्याच भरडल्या जाऊ शकतात.

म्हणूनच डॉक्टरांनीही स्वतःवर बंधने घालून घेतली आहेत. हाड बसवण्याचे प्रयत्न पुन्हा पुन्हा करायचे नाहीत. आणि इजा होऊन सात ते दहा दिवस उलटले असतील, तर हाड थोडे तिरके दिसले तरी पहिल्या-दुसऱ्या प्रकारात ते सहसा पुन्हा हलवायचे नाही. मुलांची चकती फार वेगाने सांधते. तेवढ्या दिवसांत ती पुरेशी जुळलेली असते आणि आता जोर लावणे म्हणजे तिला नव्याने फाडणे. उशिरा दवाखान्यात जाण्याचा तोटा इथे दिसतो. आठवडाभर लेप आणि पट्ट्या करून मग गेलेल्या मुलासाठी साधा उपाय हातातून निसटलेला असू शकतो.

हाड बसले की प्लास्टर. डच लष्करी शल्यविशारद अँटोनियस माथेयसन याने १८५१ च्या सुमारास प्लास्टरचे बँडेज तयार केले, तेव्हापासून या उपचाराचे मूळ स्वरूप फारसे बदललेले नाही. मनगटाची चकती साधारण तीन ते सहा आठवड्यांत सांधते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मात्र पुन्हा एक्स-रे काढतात, कारण सूज उतरली की प्लास्टर सैल होते आणि टोपी परत सरकू शकते.

टोपी जागेवर टिकत नसेल, सूज फार असेल किंवा हाडाखालची मज्जातंतूची शीर दबली असेल, तर त्वचेतून बारीक तारा घालून हाड रोवून ठेवतात. त्या तारा मुद्दाम गुळगुळीत निवडतात. आटे असलेला स्क्रू चकतीतून आरपार नेला तर तो टोपी आणि दांडा यांना बांधून टाकील आणि वाढ अडेल. गुळगुळीत तार मात्र काही आठवड्यांनी ओढून काढता येते आणि तिच्या बारीक वाटेने सहसा नुकसान होत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारांत हाड सरकले असेल तर सांध्याचा पृष्ठभाग आणि चकती दोन्ही तंतोतंत जुळवावी लागतात. तिथे बहुधा शस्त्रक्रियेला पर्याय नसतो.

वाढ हेच औषध

आता त्या सात वर्षांच्या मुलीचे तिरके हाड. वादळात ज्वारी आडवी पडते, तेव्हा शेतकरी लगेच आशा सोडत नाही. पीक अजून वाढीला असेल तर पेरांच्या सांध्याशी खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त वाढते आणि ताटांचे शेंडे पुन्हा वर वळतात. वाढून गेलेले, वाळलेले ताट मात्र पडले तिथेच राहते. मुलाच्या हाडाचेही बरेचसे असेच असते. दांड्याच्या मानाने टोपी तिरकी बसली असेल, तर चकती एका बाजूने थोडी जास्त आणि दुसऱ्या बाजूने थोडी कमी वाढते आणि हळूहळू स्वतःला सरळ करून घेते. दांड्यातही जिथे बाक बाहेर आला आहे तिथले हाड झिजवले जाते आणि जिथे खोलगट आहे तिथे भर पडते. वर्षा-दोन वर्षांत आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे वीसेक अंशांचे तिरकेपण बरेचसे नाहीसे झालेले दिसते.

पण याला अटी आहेत. वाढीची निदान दोन वर्षे तरी शिल्लक हवीत. सात वर्षांच्या मुलीला जे चालते ते चौदा वर्षांच्या मुलीला चालत नाही. इजा वाढचकतीच्या जवळ हवी. मनगट ज्या दिशेला वर-खाली हलते त्या दिशेचा बाक चांगला सुधारतो, आडव्या दिशेचा त्या मानाने कमी. आणि हाड स्वतःभोवती पिळले गेले असेल तर तो पीळ आपोआप सुटत नाही. डॉक्टर "एवढं चालेल" म्हणतात त्यामागे हा सगळा हिशेब असतो. काहीच न करणे हाही कधी कधी विचारपूर्वक केलेला उपचार असतो.

आणि वाढ खुंटली तर?

ताईचा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. मनगटाची चकती मोडलेल्या मुलांपैकी थोड्यांची, निरनिराळ्या पाहण्यांत शंभरात सुमारे चार ते सात मुलांची, रेडियसची वाढ पुढे बिघडते. अल्नाची चकती क्वचित मोडते. पण मोडली तर जवळजवळ निम्म्या मुलांत तिची वाढ अडते. होते असे, की बीजपेशींचा थर जिथे चिरडला तिथे टोपी आणि दांडा यांना जोडणारा हाडाचा लहानसा पूल तयार होतो. तेवढी जागा वाढत नाही, बाकीची वाढत राहते. पूल कडेला असेल तर हाड तिरके होत जाते, मधोमध असेल तर आखूड राहते. इकडे शेजारचे दुसरे हाड आपल्या गतीने वाढतच असते. रेडियस थांबली आणि अल्ना वाढत राहिली, तर काही वर्षांत अल्नाचे टोक मनगटात घुसू लागते. करंगळीकडची बाजू दुखते, हात नीट फिरत नाही, पकड कमी होते.

यातला फसवा भाग असा, की प्लास्टर निघते त्या दिवशी यातले काहीच दिसत नाही. हात दुखत नाही, मूल खेळायला जाते आणि पालक सुटकेचा श्वास टाकतात. बिघाड दिसायला काही महिने जातात. म्हणून सहा महिन्यांनी आणि कधी वर्षानेही एक्स-रे.

त्या एक्स-रेत डॉक्टर एक खास खूण शोधतात. इजेच्या काळात वाढ काही दिवस मंदावते आणि त्या वेळी हाडात एक दाट आडवी रेघ उमटते. झाडाच्या खोडातल्या वर्तुळासारखी. पुढे वाढ सुरू झाली की चकती या रेघेपासून दूर जाते. रेघ चकतीला समांतर असेल तर वाढ सगळीकडे सारखी चालू आहे. रेघ एका जागी चकतीला जाऊन भिडत असेल तर तिथे पूल झाला आहे. हेल्सने पिलाच्या हाडावर मुद्दाम खुणा केल्या होत्या. इथे शरीर स्वतःच खूण करून ठेवते!

पूल लवकर सापडला तर करण्यासारखे पुष्कळ असते. पूल लहान असेल आणि वाढीची वर्षे बरीच उरली असतील, तर तो कोरून काढतात आणि पोकळीत शरीरातलीच चरबी भरतात, म्हणजे पुन्हा हाड जुळत नाही. फिनलंडचे लांगेन्शल्ड यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही रीत रूढ केली. वाढ थोडीच उरली असेल तर दुसऱ्या हाडाची चकतीही वेळेवर थांबवून दोघांची लांबी जुळती ठेवतात. उशीर झाला तर मात्र वाढलेले हाड कापून आखूड करण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

शाळेत काय करावे?

मूल हात टेकून पडले आणि मनगट सुजले किंवा दुखू लागले, तर ते मुरगळले आहे असे गृहीत धरू नये. चोळू नये, ओढू नये, "बोटे हलतात म्हणजे मोडलेले नाही" या समजुतीवर विसंबू नये. हाड मोडले तरी बोटे हलतात. बांगड्या, कडे, अंगठी, मनगटाचा दोरा लगेच काढावा, सूज चढल्यावर ते निघत नाहीत. वर्तमानपत्राची जाड घडी किंवा पुठ्ठा कोपरापासून तळहातापर्यंत ठेवून वरून सैलसर पट्टी बांधावी आणि हात झोळीत घ्यावा. कापडात गुंडाळलेला बर्फ सुजेवर ठेवता येईल. मनगट वाकडे दिसत असेल तर खायला-प्यायला देऊ नये, कारण भूल द्यावी लागेल. बोटे पांढरी, निळी किंवा बधिर पडत असतील, किंवा जखमेतून हाड दिसत असेल, तर एक मिनिटही दवडू नये.

हाडवैद्यांविषयी गावोगावी विश्वास आहे आणि त्यांच्यात हाताचे कौशल्य असलेली माणसेही आहेत. पण त्यांना चकती दिसत नाही, आणि भूल देता येत नाही. घट्ट आवळलेल्या कामट्यांनी रक्तप्रवाह अडून हात कायमचा निकामी झाल्याच्या घटना डॉक्टरांच्या पाहण्यात येतात. पालकांशी बोलताना हाडवैद्याला नावे ठेवण्यापेक्षा "आधी एक्स-रे काढून घेऊ" एवढेच सांगितले तर ते जास्त पटते.

प्लास्टर घातलेले मूल वर्गात आले की त्याला हात उंचावर ठेवायला आणि बोटे हलवत राहायला सांगावे. खाजते म्हणून पट्टी किंवा विणकामाची सुई आत घालू देऊ नये. दुखणे कमी होण्याऐवजी वाढत चालले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवावे. जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब शिकवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. हातांवर रोज भार घेणाऱ्या मुलांची चकती न पडताही दुखावू शकते. असे मनगट आठवडे-दोन आठवडे दुखत राहिले तर "सवय होईल" म्हणू नये. सराव थांबवून तपासून घ्यावे.

आणि शेवटी एक छोटेसे काम. मुलाचे प्लास्टर निघाले की वर्गाच्या आरोग्यनोंदीत त्यापुढे सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून ठेवा आणि त्या सुमारास पालकांना आठवण करा. हात बरा दिसत असताना दवाखान्यात जायचे कुणाच्याच मनात येत नाही. ताईच्याही आले नव्हते. डिसेंबरात भाच्याच्या वर्गशिक्षिकेने वहीत चिठ्ठी पाठवली, म्हणून ती गेली. एक्स-रेत ती बारीक रेघ होती, चकतीपासून काही मिलिमीटर दूर, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच अंतरावर. ताईने त्याचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली विचारले, "ही समांतरच आहे ना रे?"

समांतरच होती.